किलोभर तेल, लिटरभर तेल

मुलांनो, वाण्याच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले तेलाचे डबे नीट पाहा. एकावर '१५ किलो' छापलेले असते, तर दुसऱ्यावर '१५ लिटर'. डबे दिसायला जवळजवळ सारखे. लिटरच्या डब्याची किंमत थोडी कमी असली, की गिऱ्हाईक खुशीने तोच उचलते. पण दोन्ही डब्यांत तेल सारखेच असते का?

नाही. किलो हे वजनाचे एकक आहे आणि लिटर हे मापाचे. वस्तू किती जड आहे हे किलोवरून कळते. ती किती जागा व्यापते हे लिटरवरून कळते. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलोच भरते. त्यामुळे किलो आणि लिटर म्हणजे एकच, असे आपल्या मनात बसून जाते. (पूर्वी तर 'शेर' हा एकच शब्द वजनालाही वापरत आणि धान्याच्या मापालाही! त्या मानाने आपले काम सोपे आहे.)

तेल मात्र पाण्यापेक्षा हलके असते. सालन शिजल्यावर तर्री वर येते ती यामुळेच. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम भरते. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल या तेलांत थोडा फरक असतो, पण घरच्या हिशेबाला ९१० ग्रॅम धरले तरी पुरे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही जिला 'कसाफत' म्हणता, तिलाच मराठीत 'घनता' म्हणतात. हा सारा घनतेचा खेळ आहे.

आता रीत लक्षात घ्या. लिटरचे किलो करायचे असतील तर ०.९१ ने गुणा. किलोचे लिटर करायचे असतील तर ०.९१ ने भागा. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते आणि १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ दीड लिटरचा आहे.

भावाची तुलनाही अशीच करावी. समजा, एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि एक किलोची बाटली १६० रुपयांना. पिशवी स्वस्त वाटते ना? १५० ला ०.९१ ने भागून पाहा. पिशवीतले तेल किलोला सुमारे १६५ रुपये पडले! स्वस्त आहे ती बाटली.

आणखी एक गंमत आहे. तेल तापले की फुगते. त्याचे वजन तेवढेच राहते, पण ते जागा जास्त व्यापते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते. ६० अंशांना तेच एक लिटर सुमारे ८९३ ग्रॅमच भरते. काही उत्पादक पाकिटावर लिटरचे माप छापताना असे चढे तापमान छापत. ६० अंशांना मोजलेले ते 'एक लिटर' तेल आपल्या घरी थंड झाल्यावर सुमारे ९७० मिलिलिटरच भरणार! म्हणून २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना सांगितले, की तापमान न लिहिता माप छापा आणि सोबत वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. मला विचाराल तर या दोन आकड्यांपैकी आधी वजनाचा आकडा वाचावा. उन्हाळा असो की हिवाळा, किलो तो किलोच.

स्वयंपाकघरात तराजू नसला तरी अडत नाही. पाव किलो तेल हवे असेल तर मापाच्या भांड्याने २७५ मिलिलिटर घ्या. १५ मिलिलिटरच्या चमच्यात १४ ग्रॅमच्या आतबाहेर तेल मावते.

खरी पंचाईत होते ती लग्नाच्या दावतीत. बावर्ची वजनात बोलतो. तो म्हणतो, "तीस किलो तेल आणा." घरचे लोक १५ लिटरचे दोन डबे आणतात आणि निश्चिंत होतात. पण त्या दोन डब्यांत मिळून २७ किलो ३०० ग्रॅम तेल असते. तुम्ही घरात असाल तर कागद घ्या आणि ३० ला ०.९१ ने भागा. उत्तर सुमारे ३३ लिटर येईल. दुकान उघडे आहे तोवरच आणखी तीन लिटर मागवून घ्या.