नॉर्फोकचे पक्षीवर्ष

नॉर्फोक ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची, उत्तर समुद्रात पुढे घुसलेली काउंटी. प्रदेश सपाट आणि शेतीप्रधान. डोंगर नाहीत. मात्र भरती-ओहोटीचा चिखल, खारी दलदल, देवनळांनी वेढलेली तळी आणि वाळूमिश्रित माळ येथे एकमेकांच्या जवळ आहेत. त्यामुळे प्रत्येक ऋतूत येथील पक्षीजगत बदलते.

हे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते सप्टेंबरमध्ये. आइसलँड आणि ग्रीनलँड येथे वीण आटोपून गुलाबी पायांचे कलहंस हजारोंच्या संख्येने दाखल होतात. रात्र ते किनाऱ्यावरच्या चिखलपट्ट्यांवर काढतात आणि पहाटे कलकलाट करत रांगारांगांनी शेतांकडे निघतात. साखरेचे बीट काढून झाल्यावर रानात राहिलेला पाला व कंदांचे तुकडे हे त्यांचे आवडते खाद्य. शेत लगेच नांगरले गेले, तर थव्यांना दुसरीकडे वळावे लागते. ऑक्टोबरमध्ये स्कँडिनेव्हियातून कस्तुरांचे थवे येतात आणि कुंपणाच्या झुडपांवरची लाल फळे फस्त करतात.

हिवाळा हाच येथील सर्वांत समृद्ध काळ. पश्चिमेला ‘द वॉश’ नावाचे उथळ आखात आहे. ओहोटीला तेथे मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि त्यात शिंपले, कृमी यांचे अमाप खाद्य असते. हिवाळ्यात या आखातावर तीन लाखांहून अधिक पाणपक्षी असतात. आर्क्टिक प्रदेशातून आलेला ‘नॉट’ हा राखाडी, गुबगुबीत किनारपक्षी त्यांतला सर्वांत लक्षवेधी. मोठ्या भरतीत चिखल पाण्याखाली गेला, की स्नेटिशॅमला हजारो नॉट एकाच वेळी उठतात. थवा वळला की त्याचा रंग पालटतो: पाठी दिसल्या तर करडा, पोटे दिसली तर पांढरा. मग सारे जण मागच्या तळ्यांमध्ये दाटीवाटीने उतरतात आणि पाणी ओसरेपर्यंत थांबतात. ही तळी म्हणजे गोटे काढण्यासाठी खोदलेल्या जुन्या खाणी.

काउंटीच्या दक्षिण-पश्चिम टोकाला, वेल्नी येथील पूरमैदानावर दोन जातींचे हंस हिवाळा काढतात. हूपर हंस आइसलँडहून येतात, तर आकाराने लहान असलेले ब्यूइक हंस रशियाच्या उत्तर टोकाहून. हवामान उबदार होऊ लागल्यापासून ब्यूइक हंसांपैकी अनेक जण युरोपच्या मुख्य भूमीवरच थांबतात. त्यामुळे वेल्नीला त्यांची संख्या फारच रोडावली आहे.

मार्चमध्ये पाहुणे परतू लागतात आणि पूर्वेकडच्या ‘ब्रॉड्स’ तळ्यांना जाग येते. ही तळी नैसर्गिक नाहीत. मध्ययुगात इंधनासाठी पीट खणले गेले, पुढे खड्ड्यांत पाणी शिरले आणि ती तयार झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी हे १९५० च्या दशकात सिद्ध केले. तळ्यांकाठच्या देवनळांत बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी लपून राहतो. नराचा घुमणारा, खर्जातला हुंकार काही किलोमीटरवर ऐकू जातो. शिकार आणि दलदलींचा निचरा यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याची वीण थांबली होती. १९११ मध्ये ब्रॉड्समध्येच त्याचे पिल्लू सापडले आणि त्याचे पुनरागमन निश्चित झाले. क्रौंचाला याहून फार मोठा काळ लागला. सुमारे चारशे वर्षांच्या खंडानंतर १९७९ मध्ये काही क्रौंच येथे येऊन राहिले आणि पुढच्या दशकात त्यांची पिल्ले वाढली.

या पुनरागमनांमागे जमीन राखून ठेवणाऱ्यांचे श्रम आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. १९२६ मध्ये डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने क्ले येथील सुमारे ४०० एकर दलदल विकत घेतली गेली. ती सांभाळण्यासाठी स्थापन झालेली संस्था ही ब्रिटनमधल्या काउंटीवार निसर्गसंस्थांपैकी पहिली. आज क्लेला उचाट्या वीण करतो. वर वळलेल्या चोचीचा हा काळा-पांढरा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातील पाणथळींवरही दिसतो.

एप्रिलमध्ये आफ्रिकेतून भिंगऱ्या येतात, मे महिन्यात पाकोळ्या. दक्षिणेकडच्या ब्रेकलँडच्या वालुकामय माळांवर आणि शेतांत करवानक उघड्या जमिनीवर अंडी घालतो. नांगर किंवा यंत्राखाली ती चिरडली जाऊ नयेत म्हणून पक्षीरक्षक शेतकऱ्यांच्या मदतीने घरटी शोधून वाचवतात. कवडा-कुळातल्या टर्टल डव्हला मात्र तसा आधार पुरलेला नाही. शेतातले तण आणि त्याचे बी नाहीसे झाले, प्रवासमार्गावर शिकार होत राहिली आणि एके काळी सर्रास दिसणारा हा पक्षी आता दुर्मीळ झाला आहे.

उन्हाळ्यात ब्लेकनी पॉइंट आणि स्कोल्ट हेड बेटावर सुरय पक्ष्यांच्या वसाहती भरतात. छोटा सुरय गोट्यांच्या किनाऱ्यावर उघड्यावर अंडी घालतो. उंच भरती, कोल्हे आणि माणसांचे पाय ही त्याच्यापुढची संकटे. म्हणून विणीच्या जागांना कुंपण घातले जाते आणि राखणदार पहारा ठेवतात. ऑगस्टमध्ये पाकोळ्या निघून जातात आणि त्यानंतर सुरयही पिल्लांसह पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघतात.