किरणोत्सर्गी कचरा : तारापूरचा आणि घरातला

गेल्या आठवड्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. थायरॉईडच्या कर्करोगासाठी त्यांच्या पत्नीला मुंबईच्या रुग्णालयात किरणोत्सर्गी आयोडीन दिले होते आणि दोन दिवसांनी घरी सोडणार होते. "डॉक्टर, तारापूरचा कचरा काचेत घालून ठेवतात म्हणे. मग हिला तशीच घरी कशी पाठवतात? घरात दोन वर्षांची नात आहे."

शंका रास्त होती. दोन्ही ठिकाणी औषध एकच, ते म्हणजे काळ. फरक आहे तो किती काळ एवढाच.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यावर जो जहाल द्रव उरतो, त्यात सीझियम-१३७ असते. ते ३० वर्षांनी निम्मे होते, ६० वर्षांनी पाव. हजारावा भाग उरायला ३०० वर्षे लागतात! म्हणून तो द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात व देखरेखीखाली ठेवतात.

आयोडीन-१३१ मात्र ८ दिवसांत निम्मे होते, ८० दिवसांत हजारावा भाग. शिवाय त्याचा बराचसा अंश पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. तेवढे दिवस रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथल्या संडासाचे पाणी थेट गटारात न सोडता टाकीत साठवतात आणि जोर ओसरल्यावरच सोडतात.

थोडा अंश घेऊन रुग्ण घरी येतो, आणि इथे आपली जबाबदारी सुरू होते. लहान मुलांची थायरॉईड ग्रंथी फार नाजूक. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर दुधातून हेच आयोडीन पोटात गेल्याने तिथल्या अनेक मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. अर्थात आजीच्या अंगात उरलेला अंश त्या मानाने किरकोळ, पण नातीला मांडीवर घेणे काही दिवस बंदच. गरोदर बाईनेही दूर राहावे. किती दिवस, ते डोसावर ठरते; घरी सोडताना लिहून देतात, ते तंतोतंत पाळावे. झोपणे वेगळे, ताट-वाटी वेगळी, कपडे वेगळे धुवावेत. पाणी भरपूर प्यावे, संडासात दोनदा पाणी सोडावे. आणि गर्दीच्या लोकलने आणू नये. टॅक्सीत मागच्या सीटवर, चालकापासून दूर बसवावे.

"मग कपडे जाळूनच टाकू का?" गृहस्थांनी विचारले. मुळीच नको. किरणोत्सर्ग आगीने मरत नाही, उलट धुरातून पसरेल.

नातीची रवानगी कल्याणला आत्याकडे झाली आहे.