तेल काय सांगतं?

माझा व्यवहार शब्दांचा. इंजिनातलं मला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. पण घरात ट्रक असला की कवीलाही डिझेलचा वास ओळखावा लागतो. माझा धाकटा भाऊ क्रशरवरून खडी वाहतो. ट्रकचे हप्ते अजून फिटायचे आहेत. गेल्या वर्षी गाडी तेल खाऊ लागली. मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. खर्च लाखाच्या पुढे. कुणीतरी सुचवलं, आधी तेल तपासून घ्या. तपासणीचा इंग्रजी कागद आला आणि तो घेऊन भाऊ माझ्या दारात उभा राहिला. "भाईजान, तुम्ही बी.ए. झालाय. वाचून सांगा."

तो घाबरला होता. कॅल्शियम २५००, जस्त १२०० असे आकडे त्याला दिसले होते. माझे एक मित्र इंजिनियर आहेत. त्यांच्यासमोर कागद ठेवला, तर ते हसले. म्हणाले, या कागदावरचे सर्वांत मोठे आकडे सर्वांत निरुपद्रवी असतात. कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस हे तेल बनवतानाच त्यात घातलेले असतात. कॅल्शियम इंजिन स्वच्छ ठेवतं आणि आम्ल मारतं; जस्त आणि फॉस्फरस झीज रोखतात. तेल काळं दिसतं म्हणून तेही वाईट नव्हे. डिझेलची काजळी तेलानं धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. काजळी फार साचली तर मात्र तेल दाट होतं.

घाबरायचं ते लहान आकड्यांना. ते 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे दिलेले असतात. लोखंड मुख्यतः लायनर, क्रँक, कॅमशाफ्टमधून येतं. ॲल्युमिनियम पिस्टनमधून, क्रोमियम रिंगमधून, शिसं आणि कथील बेअरिंगमधून. पण एकटा आकडा मुका असतो. सोडियम आणि पोटॅशियम एकदम वाढले, तर कूलंट तेलात उतरत असल्याची शंका घ्यावी. १५डब्ल्यू-४० तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असायला हवा. तो खाली घसरला तर डिझेल तेलात मिसळत असेल.

आमच्या कागदावर दाटपणा १४.१ होता, सोडियमही नावापुरतं. पण लोखंड १४२, ॲल्युमिनियम २८ आणि सिलिकॉन ६४. मित्रानं सिलिकॉनवर बोट ठेवलं. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ. धुळीत ॲल्युमिनियमही असतं. नवं गॅस्केट सील लावलं असेल तरी सिलिकॉन वाढतं, पण आमच्या गाडीला तसलं काम झालेलं नव्हतं. "इंजिन नंतर खोला," ते म्हणाले, "आधी हवा कुठून येते ते बघा." एअर फिल्टर नवाच होता. मात्र फिल्टरपासून पुढे जाणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पखाली चीर गेली होती. क्रशरची सगळी धूळ तिथून आत जात होती आणि लायनर घासत होती.

पाइप बदलला, तेल आणि फिल्टर बदलले, आणि पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा नमुना दिला. सिलिकॉन १४ वर आलं. लोखंड ३१. इथं घाई करू नये. पहिलं तेल १५ हजार किलोमीटर चाललेलं होतं, दुसरं पाच हजार. म्हणून हजार किलोमीटरचा हिशेब करायचा. आधी साडेनऊ पडत होतं, आता सहाच्या आसपास. माझी साखर तपासताना डॉक्टर आधीचा रिपोर्ट मागतात, त्यातलाच हा प्रकार. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची.

नमुना घेण्याचीही रीत आहे. इंजिन गरम असताना, थोडं तेल वाहून गेल्यावर मधल्या धारेतलं घ्यावं. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. तेल किती किलोमीटर चाललं आणि मध्ये किती लिटर वरून घातलं, हे न चुकता लिहावं. नवं तेल घातलं की जुने आकडे पातळ होतात आणि झीज असते त्याहून कमी दिसते.

आणखी एक गोष्ट. या तपासणीत अगदी बारीक कणच मोजले जातात. मोठे तुकडे तिला दिसत नाहीत. तेव्हा फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला किंवा ऑइल प्रेशर पडलं, तर रिपोर्ट कितीही चांगला असो, गाडी उभी करावी.

भावाचं इंजिन अजून खोललेलं नाही. झिजलेलं लोखंड काही परत येत नाही. गाडी अजूनही थोडं तेल खाते. पण मिस्त्रीचं ऐकून आधी इंजिनच खोललं असतं, तर नवे लायनर त्याच चिरेतल्या धुळीनं पुन्हा घासले असते. आता भाऊ दर वेळी तेल बदलताना बाटली भरून पाठवतो आणि आलेले कागद गाडीच्या कागदपत्रांच्या फायलीत ओळीनं लावून ठेवतो. वाचायला माझ्याकडे येत नाही. त्याचं तोच वाचतो.