रेंजवर निघालात? आधी बॅग दाखवा!

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलं, त्यानंतर तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी 'आपणही शूटिंग लावूया का?' असं नक्की म्हणालं असणार. कदाचित ते तुम्हीच असाल. मग पुढचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. बेसिक कोर्सची फी भरायच्या आधीच रात्री दोन वाजता फोनवर बॅगा बघणं सुरू होतं. लष्करी चट्ट्यापट्ट्यांची सॅक, तिला पंधरा कप्पे, छातीवर बांधायचे पाउच, कमरेला होल्स्टर. गेममध्ये असतं अगदी तसं.

मी तशी बॅग घेतली होती. २,७०० रुपये मोजले. पहिल्या दिवशी ती पाठीला लावून ऐटीत रेंजवर गेले, तर सर म्हणाले, "छान आहे. ट्रेकला कधी निघालीस?"

त्या वेळी राग आला. पण सर बरोबर होते. इतक्या कप्प्यांच्या त्या बॅगेत पिस्तुलाची केस सपाट बसत नव्हती. ती उभी कोंबावी लागायची आणि बाहेर काढताना नळीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे मला कळायचंच नाही. रेंजवर याहून मोठी चूक नाही.

आधी हे लक्षात घ्या, की सुरुवातीला तुम्हाला स्वतःचं शस्त्र लागतच नाही. बालेवाडीसारखं मोठं संकुल असो की तुमच्या गावातला दहा मीटरचा छोटा हॉल, नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी क्लबचीच एअर रायफल किंवा पिस्तूल मिळतं. तुम्ही न्यायचं काय? सपाट तळव्याचे बूट, टोपी, नेम न धरणारा डोळा झाकायला ब्लाइंडर, कानात घालायचे प्लग, नॅपकिन, पाणी, डायरी-पेन, आणि क्लबने सांगितलं असेल तर पेलेटची डबी. एवढं सामान कॉलेजच्या सॅकमध्ये आरामात मावतं. होल्स्टर तर डोक्यातून काढूनच टाका. ऑलिंपिकच्या पद्धतीच्या शूटिंगमध्ये पिस्तूल केसमधून निघतं, समोरच्या टेबलावर राहतं आणि परत केसमध्ये जातं. अंगावर लटकवायचा प्रश्नच येत नाही.

पेलेट शिशाचे असतात. (हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी महिनाभर डबीशेजारी पोळीभाजी ठेवत होते.) शिसं पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून डबा आणि पेलेट यांचे कप्पे वेगळे हवेत, आणि सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. शिसं मऊ असतं, त्यामुळे डबी बॅगेत खुळखुळत राहिली की पेलेटचा मागचा घेर चेपतो आणि नेम तुमचा बरोबर असूनही गोळी भलतीकडे जाते. झाकणाच्या आतल्या बाजूला स्पंजचा गोल तुकडा कापून बसवा, काम होतं.

आता वजन. एअर पिस्तूल नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दीड किलोचं चालतं. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. यात काय विशेष, असं वाटेल. पण हे वजन तुम्ही एकाच हातात, हात सरळ ताणून, साठ शॉट्सच्या मॅचमध्ये पुन्हा पुन्हा उचलणार आहात. त्याच हाताच्या बोटांवर केस अडकवून तुम्ही तासभर पीएमटीत उभं राहून आलात, तर पहिल्या दहा शॉट्सना हात थरथरतो. माझं तीन आठवडे हेच होत होतं आणि मी दोष पिस्तुलाला देत होते. एका सीनियर ताईने एवढंच विचारलं, "येताना केस कुठल्या हातात असते?" तेव्हापासून पिस्तूल सॅकमध्ये, सॅक दोन्ही खांद्यांवर.

रायफलवाल्यांचं दुखणं मोठं. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंतची असते आणि लांबी मीटरभराच्या वर. त्यात केसचं वजन, जाड कॅनव्हासचं जॅकेट, तशीच पँट, बूट, ग्लोव्ह, स्टँड. सगळं मिळून बारा-तेरा किलो सहज होतं. हे सगळं एका खांद्यावर टाकून रोज आलात तर तो खांदा दुखणारच. आणि ज्या खेळात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, तिथे आखडलेला खांदा लगेच मार्कांत दिसतो.

म्हणून रायफलसाठी दोन गोष्टी वेगळ्या घ्या: रायफलची केस आणि कपड्यांची किटबॅग. एकात सगळं कोंबायचा मोह होतो, पण टाळा. केसमध्ये कडक आणि मऊ असे दोन प्रकार येतात. कडक केस जड असते, पण आतल्या फोममध्ये रायफल हलत नाही आणि तिला कुलूप लागतं. मऊ कव्हर पाठीला लावता येतं, खिशालाही परवडतं. मात्र गर्दीत कुणी रेटलं की धक्का थेट साइटला बसतो. माझं मत विचाराल तर बस किंवा लोकलने येणाऱ्याने कडक केसच घ्यावी आणि मागची साइट काढून तिच्या छोट्या डबीत ठेवावी. घरची गाडी असेल तर मऊ कव्हरवर भागतं.

किटबॅग घेताना ब्रँड बघू नका, हवा खेळते का ते बघा. शूटिंगचं जॅकेट घट्ट घडी घालून ठेवलं की त्याला कायमची मोड पडते, आणि घामाने ओलं असताना बॅगेत राहिलं तर पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी. मुंबई-कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको. जॅकेट सैल गुंडाळून मावेल एवढी रुंद, एका बाजूला जाळी असलेली बॅग घ्या आणि घरी पोचल्यावर आधी जॅकेट हँगरला लावा, मग फोन बघा. बुटांना वेगळी पिशवी हवी. शूटिंगचे बूट घालून रेंजबाहेर फिरायचं नाही, तळवा झिजला की ते सपाट उभे राहत नाहीत.

आता परत नळीच्या तोंडाकडे येते, कारण बॅग निवडताना खरी कसोटी तीच आहे. रेंजवर केस कुठेही उघडत नाहीत. फायरिंग पॉइंटवर जायचं, परवानगी मिळाली की केस टेबलावर ठेवायची, तोंड टार्गेटकडे, आणि मगच झाकण उचलायचं. शस्त्र रिकामं आहे हे दाखवायला नळीत सेफ्टी फ्लॅग हवा. एअर गनमध्ये तो नळीच्या पूर्ण लांबीचा, भडक रंगाचा असतो. म्हणजे केस पूर्ण सपाट उघडणारी हवी, आत शस्त्र एकाच पद्धतीने बसणारं हवं आणि बाहेरून बघताच तोंडाची बाजू कळायला हवी. दुकानातल्या कुठल्याच केसवर ही खूण मला दिसली नाही. मी तोंडाकडच्या टोकाला लाल इन्सुलेशन टेपचे तीन वेढे मारलेत. खर्च दहा-वीस रुपये, आणि बॅगेवर केलेला तेवढाच खर्च मला पूर्ण वसूल झाल्यासारखा वाटतो.

रेंजच्या बाहेरही ही केस तुमच्याबरोबर असते, हे आपण विसरतो. एसटी स्टँडवर लष्करी चट्ट्यापट्ट्यांची लांबलचक बॅग बघून लोक दचकतात, आणि त्यांचं चूक नाही. साधी काळी किंवा निळी, गिटारसारखी दिसणारी केस असली की कुणी वळूनही बघत नाही. क्लबचं ओळखपत्र आणि पावतीची प्रत बाहेरच्या कप्प्यात ठेवा. बॅग तपासणीला कुणी थांबवलं, तर आधी तोंडी सांगा की आत स्पर्धेचं शस्त्र आहे. न सांगता झपकन चेन उघडू नका. दुचाकीवर केस आडवी धरून जाणं म्हणजे शेजारच्या गाडीवाल्याचा अपघात. आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये 'दाखव ना एकदा' म्हणणारे मित्र भेटतीलच. केसला कुलूप असलं आणि किल्ली घरी असली की नाही म्हणणं सोपं जातं. हॉस्टेलवर राहत असाल तर शस्त्र क्लबमध्येच ठेवायची सोय बघा.

पुढे स्वतःची रायफल घेतलीत तर तिच्या हवेच्या सिलिंडरचाही विचार करा. त्यात २०० बारच्या आसपास दाब असतो, बाइकच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट. तो भर उन्हात गाडीच्या डिकीत सोडायचा नाही, आणि त्यावर छापलेली मुदतीची तारीख स्पर्धेत तपासली जाते. ज्या कप्प्यात तो राहील, तो सहज उघडता यायला हवा.

एवढं सगळं वाचून लगेच खरेदीला पळू नका. रेंजवरच्या एखाद्या सीनियरची बॅग रविवारपुरती मागा. तिच्यात तुमच्या सामानाइतक्या वजनाची पुस्तकं भरा, दोन्ही खांद्यांवर घ्या, दोन मजले चढा, गर्दीच्या वेळी एक बस पकडा. उतरल्यावर हात समोर सरळ धरून मिनिटभर बघा. बोटं हलत असतील तर ती बॅग तुमची नाही.

माझी चट्ट्यापट्ट्यांची सॅक बाबा मंडईत नेतात. पंधरा कप्प्यांत भाज्या वेगवेगळ्या राहतात, त्यांची काही तक्रार नाही.