सिकलसेल आणि गरोदर माता

सिकलसेल हा आजार विदर्भातील आपल्या समाजाला नवा नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आदिवासी बांधवांप्रमाणेच बौद्ध, तेली, कुणबी कुटुंबांतही तो आढळतो. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, की कुणाची नजर नव्हे. आई व वडील या दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे तो होतो. म्हणून त्याचा दोष एकट्या सुनेच्या माथी मारणे हे निव्वळ अज्ञान होय.

निरोगी तांबडी रक्तपेशी गोल, लवचीक असते व सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकडी व कडक होऊन १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कमी पडते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना होतात. गरोदरपणी रक्ताची गरज वाढते. साहजिकच वेदनेचे झटके, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब व बाळाची खुंटलेली वाढ हे धोकेही वाढतात.

अशा भगिनींनी पुढील काळजी घ्यावी :

१) दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ते केव्हा थांबवायचे, हे त्यांनाच विचारावे.

२) फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यावी. लोहाची गोळी मात्र तपासणीत कमतरता आढळली तरच घ्यावी. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते.

३) भरपूर पाणी प्यावे. थंडी, उन्हातील कष्ट व उपवास टाळावेत.

४) ताप, धाप, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

५) बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे. नंतरचे सहा आठवडेही जपावे. रक्ताची गुठळी होण्याचा धोका तेव्हाही असतो.

पतीची तपासणी तितकीच आवश्यक आहे. पत्नी रुग्ण (एसएस) व पती वाहक (एएस) असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघेही वाहक असल्यास ती २५ टक्के असते. पती पूर्ण निरोगी (एए) असेल, तर मुले वाहक होतील, रुग्ण नव्हे. म्हणून विवाहापूर्वी कुंडली नव्हे, रक्ताचा अहवाल पाहावा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामकरी मातांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. पण तपासणीला घरातून निघायचे पाऊल आपणच उचलले पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात स्वतःच्या तपासणीपासून करा!