८७ सिल्विया : एका लघुग्रहाचे वस्तुमान कसे कळले

मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील लघुग्रहांच्या पट्ट्यात सिल्विया हा आकारमानाने अग्रगण्य नसला तरी मोठ्या लघुग्रहांत मोडतो. नॉर्मन पॉगसन यांनी तो १६ मे १८६६ रोजी मद्रास वेधशाळेतून शोधून काढला. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या लागोपाठच्या दोन प्रतींमधील गुणोत्तर २.५१२ मानावे, असे १८५६ मध्ये सुचविणारे पॉगसन ते हेच. १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मद्रासलाच होते. तेथे आल्यावर थोड्याच दिवसांत, एप्रिल १८६१ मध्ये, त्यांना ६७ वा लघुग्रह आढळला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह असल्याने त्याचे नाव ‘एशिया’ ठेवण्यात आले. छायाचित्रणाचे साहाय्य मिळण्यापूर्वीच्या त्या काळात लघुग्रहाचा शोध म्हणजे ताऱ्यांचे नकाशे जवळ घेऊन रात्रीमागून रात्र तोच आकाशखंड न्याहाळणे आणि नकाशात नसलेला बिंदू सरकतो का, हे पाहणे होय. सिल्विया हे नाव एका फ्रेंच ज्योतिषज्ञाच्या पत्नीवरून पडले, असा समज काही ग्रंथांतून पसरला होता. परंतु ते रोमन पुराणकथेतील रिया सिल्विया हिचे असल्याचे पॉगसन यांनी स्वतःच नमूद केले आहे.

सिल्वियाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३.४८ ज्योतिषशास्त्रीय एकके, प्रदक्षिणाकाल सुमारे साडेसहा वर्षे, कक्षेची विमध्यता ०.०९ च्या आसपास व क्रांतिवृत्ताशी कल जवळजवळ ११ अंश आहे. यांपैकी पहिला आकडा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या अंतरावर प्रदक्षिणाकाल गुरूच्या नेमका निम्मा होतो ते ३.२८ एककांचे स्थान गुरूच्या आकर्षणामुळे जवळजवळ रिकामे पडले असून त्याला मुख्य पट्ट्याची बाहेरची सीमा समजण्याचा प्रघात आहे. सिल्विया त्याच्याही पलीकडे, सिबेली गटात, म्हणजे पट्ट्याच्या अगदी बाह्य किनारीवर आहे. तिचा पृष्ठभाग अतिशय काळा आहे. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा चार-पाच भागच तो परत फेकतो. स्वतःभोवती ती ५.१८ तासांत फिरते.

इतके ठाऊक असूनही लघुग्रहाचे वस्तुमान सहसा अज्ञातच राहते. तेजावरून व्यास अनुमानता येतो, वर्णपटावरून पृष्ठाची जात कळते. पण त्याचे वजन करावयाचे तर त्याच्या आकर्षणाने हललेले दुसरे काहीतरी दिसले पाहिजे. सिल्वियाच्या बाबतीत ही सोय २००१ मध्ये झाली. मायकेल ब्राउन व झां-ल्यूक मार्गो यांना हवाई बेटांवरील केक दूरदर्शकातून तिचा एक उपग्रह दिसला. हा उपग्रह आपल्याला सिल्वियापासून फार तर पाऊण विकलेइतकाच दूर दिसतो, आणि वातावरणाच्या चंचलतेमुळे ताऱ्याचे बिंब सामान्यतः याहून अधिक पसरते. तेव्हा वातावरणाने बिघडविलेली प्रतिमा क्षणोक्षणी दुरुस्त करणारी आरशांची योजना प्रचारात आल्याखेरीज तो दिसणे शक्य नव्हते. २००४ मध्ये फ्रांक मार्शी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतील युरोपीय वेधशाळेच्या महादूरदर्शकातून दुसरा, अधिक लहान व अधिक निकटचा उपग्रह शोधला. २००५ मध्ये हा शोध जाहीर झाला तेव्हा दोन उपग्रह असलेला सिल्विया हाच एकमेव लघुग्रह ज्ञात होता. उपग्रहांना रिया सिल्वियाच्या जुळ्या पुत्रांची, रोम्युलस व रीमस ही नावे देण्यात आली. एवढी चपखल सोय पॉगसन यांनी जणू आधीच करून ठेवली होती!

रोम्युलसचे सिल्वियापासूनचे अंतर सुमारे १,३६० कि.मी. व प्रदक्षिणाकाल ८७.६ तास, रीमसचे हेच आकडे ७१० कि.मी. व ३३.१ तास असे आहेत. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अंतराच्या घनास कालाच्या वर्गाने भागून येणारी राशी मध्यवर्ती वस्तुमानाच्या प्रमाणात असते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. दोन्ही उपग्रहांवरून वस्तुमान जवळजवळ एकच, म्हणजे दीड लक्ष कोटी कोटी किलोग्रॅमच्या किंचित खाली येते. दोन स्वतंत्र साक्षींचा असा मेळ बसला की उत्तराविषयी शंकेला फारसे स्थान उरत नाही.

शंका आहे ती आकारमानाविषयी. २००५ मध्ये सिल्वियाचे अक्ष सुमारे ३८४, २६४ व २३२ कि.मी. धरून घनता दर घन सेंटिमीटरला १.२ ग्रॅम निघाली. कर्बयुक्त अशनींची घनता २.२ ग्रॅम मानली तर शेकडा पंचेचाळीस भाग पोकळ ठरतो. त्यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, एखादा मोठा पिंड टकरीत फुटला, त्याचे तुकडे सैलपणे पुन्हा एकत्र आले व उरलेल्या अवशेषांतून उपग्रह घडले. पुढे २०२१ मध्ये बेनुआ कारी व सहकाऱ्यांनी सरासरी व्यास २७१ कि.मी. मानून घनता १.४ ग्रॅमच्या जवळ आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इतक्या लांबट पिंडाचे वस्तुमान सर्वत्र सारखे विखुरलेले असते तर उपग्रहांच्या कक्षा ज्या गतीने वळावयास हव्या होत्या त्या गतीने त्या वळत नाहीत. म्हणून अंतर्भागी अधिक दाट व अधिक गोल गाभा आणि त्यावर हिम व पोकळी यांनी युक्त असे हलके कवच, अशी रचना त्यांनी सुचविली.

प्रस्तुत लेखकास हा दुसरा तर्क अधिक समाधानकारक वाटतो. कारण पहिल्यात केवळ सरासरी घनतेचा विचार आहे, तर दुसऱ्यात वस्तुमानाच्या वाटणीचाही. मात्र तो खरा धरल्यास एवढासा पिंड आतून तापून त्याचे थर वेगळे झाले, हेही मानावे लागते. आणि त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब सिल्वियाची निर्मिती सूर्यमालेच्या आरंभानंतर किती लवकर झाली, यावर अवलंबून आहे.