पलीकडे कुणी आहे का?

लॅपटॉप सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: बूट करायला डिस्क सापडली नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, ‘डिस्क डिटेक्ट होत नाहीये.’ ही ओळ पाहून पोटात गोळा येतो, कारण फोटो, हिशेब, अर्धवट लिहिलेले लेख, सगळं तिथेच असतं. गेल्या पावसाळ्यात ही वेळ माझ्यावर आली. लॅपटॉप घेऊन मी एका मित्राच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी जाऊन बसलो आणि दुपार कधी सरली ते कळलं नाही. ‘डिटेक्ट होणं’ म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर नेमकं काय घडतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं.

मित्राने आधी डिस्क, म्हणजे एसएसडी, काढली. 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशी ती पट्टी. एका टोकाला सोनेरी दात, दुसऱ्या टोकाला एकुलता एक स्क्रू. ती दुसऱ्या लॅपटॉपला लावली, तर तिथे लगेच दिसली. मग स्वतःकडची चांगली एसएसडी त्याने माझ्या लॅपटॉपला लावली. ती दिसेना. “तुझं सामान सुखरूप आहे,” तो म्हणाला, “बोर्डालाच दिसत नाहीये.” ही अदलाबदल पाच मिनिटांची, पण ती न करता लोक नवी डिस्क विकत आणतात.

सामान सुखरूप म्हणजे काय, याचंही मला नवल वाटत राहिलं. वीज नाही, तरी प्रत्येक फोटो जागच्या जागी. निरोधक थरांमध्ये कोंडलेले इलेक्ट्रॉन हीच ती आठवण. असे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतील ही कल्पना 1967 साली बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये तिच्यातून फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली. माझे इलेक्ट्रॉन आपापल्या कोठडीत शांत बसले होते. त्यांना हाक मारणारा मात्र मुका झाला होता.

आता मल्टिमीटर. आधी सप्लाय: सॉकेटच्या नऊ पिनांवर 3.3 व्होल्ट यायला हवेत. ते आले. इथेच शॉर्ट असता तर शोध निराळ्या वाटेने गेला असता. सप्लायच्या लाईनवरचा एखादा कपॅसिटर आतून तडकला की वीज त्याच्यातूनच जमिनीला जाते. मग त्या लाईनला बाहेरून हलका व्होल्टेज देतात आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. जिथे ते सगळ्यात आधी उडून जातं तिथे गरम होणारा गुन्हेगार. किती साधी आणि किती देखणी युक्ती!

मग घड्याळ. डिस्क आणि प्रोसेसर यांनी एकाच ठेक्यावर बोलावं म्हणून बोर्ड 100 मेगाहर्ट्‌झचा ताल पुरवतो. तो उगाच वाजत नाही. डिस्कने एक ठरावीक तार खाली ओढली, म्हणजे ‘मला ताल हवा’ असं सांगितलं, की मगच अनेक बोर्डांवर तो सुरू होतो. ऑसिलोस्कोपवर तो दिसला. रीसेटची तारही वेळेवर सुटत होती. वीज आहे, ताल आहे, ‘ऊठ’ म्हणणारी खूण आहे. तरी डिस्क नाही.

पुढची पायरी मी जन्मात विसरणार नाही.

डेटा वाहणाऱ्या तारा दोन्ही टोकांना सरळ जोडलेल्या नसतात. प्रत्येक तारेच्या वाटेत एक चिमुकला कपॅसिटर बसवलेला असतो. तो स्थिर व्होल्टेज अडवतो आणि भराभर हलणारे तरंग तेवढे पलीकडे जाऊ देतो. बोलणं सुरू करण्याआधी बोर्डाला कळायला हवं की पलीकडे कुणी आहे का. बोलून विचारता येत नाही, कारण ऐकणारा आहे हेच अजून माहीत नाही. म्हणून तो तारेवर एक हलकासा व्होल्टेजचा धक्का देतो आणि तार किती वेगाने वर चढते ते पाहतो.

नळाला लांब नळी लावली आणि तिचं टोक बंद असेल, तर नळी क्षणात भरते. टोकाशी हंडा असेल तर पाणी चढायला वेळ लागतो. इथेही तसंच आहे. पलीकडे डिस्क असेल तर तिच्या आतल्या पन्नासेक ओहमच्या वाटेमुळे मधला कपॅसिटर भरावा लागतो आणि तार सावकाश चढते. पलीकडे कुणीच नसेल तर तार टुणकन वर जाते. फरक मायक्रोसेकंदांत मोजायचा. डिस्क या वेळी एक अक्षरही बोललेली नसते. ती आहे हे तिच्यामुळे झालेल्या उशिरावरून ओळखायचं.

उत्तर मिळालं नाही तर बोर्ड 12 मिलिसेकंद थांबतो आणि पुन्हा विचारतो. माझा लॅपटॉप घरी काळ्या पडद्यानिशी पडला होता, तेव्हाही आतून हा प्रश्न असाच पुन्हापुन्हा जात असणार, हे मनात आलं आणि मला भरून आलं.

मित्राने बोर्ड मायक्रोस्कोपखाली सरकवला. “सॉकेटपाशी बघ. डेटाच्या चार वाटा, म्हणजे लेन, आणि प्रत्येक लेनला इथून डिस्ककडे जाणाऱ्या दोन तारा. किती कपॅसिटर दिसायला हवेत?”

“आठ.”

“मोज.”

मी मोजले. पुन्हा मोजले. सात होते. आठव्याच्या जागी सोल्डरचे दोन रिकामे, चकाकणारे ठिपके, आणि त्यांच्या शेजारून गेलेला बारीक ओरखडा. आधी कधीतरी डिस्क बदलताना स्क्रूड्रायव्हर घसरला असावा. कपॅसिटर अर्धा उखडून तसाच चिकटून राहिला आणि पुढे निसटला. 0.6 मिलिमीटर लांब, 0.3 मिलिमीटर रुंद. तांदळाच्या दाण्यापुढे तो कणीसुद्धा नाही.

मीटरने हा दोष सॉकेटवरून सापडला नसता. कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतोच, त्यामुळे तो जागेवर असो वा नसो, त्या पिनांवर मीटर ‘तुटलेलं’ असंच सांगतं. इथे डोळ्यांनी मोजणंच कामी येतं. आणि गेला होता तो पहिल्या लेनचा. शेवटच्या लेनचा गेला असता तर डिस्क बहुधा दिसली असती, फक्त कमी लेनवर, कमी वेगाने चालली असती, आणि मला वर्षानुवर्षं पत्ता लागला नसता.

माझ्या नशिबी निदान काढता येणारी डिस्क होती. ॲपलने 2016 पासून टच बारच्या मॅकबुक प्रोमध्ये स्टोरेजच्या चिप बोर्डावरच सोल्डर केल्या आणि 2018 पासून टी2 चिपने त्यांतला मजकूर त्याच बोर्डावरच्या किल्लीने कुलूपबंद केला. तिथे ‘दुसऱ्या मशिनला लावून बघू’ हा मार्गच नाही. मूळ बोर्ड जिवंत करणं हाच फोटो परत मिळवण्याचा मार्ग. त्यात स्टोरेजला वीज पुरवणारा रेग्युलेटर वाईट तऱ्हेने गेला, तर दोन-अडीच व्होल्टवर जगणाऱ्या चिपांवर बारा-तेरा व्होल्ट कोसळू शकतात. अशा बोर्डांवर काम करणाऱ्यांचा मला फार आदर वाटतो.

एका भंगार बोर्डावरून त्याने तसाच कपॅसिटर उचलला. चिमट्याने जागेवर ठेवला, जरा वाकडाच. फ्लक्स, गरम हवा. सोल्डर वितळलं आणि त्याच्या पृष्ठताणाने तो कण स्वतःहून वळून दोन ठिपक्यांच्या मधोमध सरळ बसला. मी श्वास धरून पाहत होतो.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत होतं. तार सावकाश चढते. दोन्ही बाजू सगळ्यात संथ वेगाने ठरीव नमुने हजारभर वेळा एकमेकांकडे पाठवून कान जुळवतात. जोडीतल्या तारा उलटसुलट असल्या तर ऐकणारा स्वतःच समजून घेतो. मग बोर्ड ओळख विचारतो. कुणी नसतं तेव्हा या प्रश्नाला सगळे आकडे ‘एक’च परत येतात, आणि म्हणून ती ओळख कुठल्याच कंपनीला दिलेली नाही. डिस्क असेल तर पुढे 4096 बाइटांत आपलं नाव, अनुक्रमांक, क्षमता, सारं सांगते.

यादीत नाव उमटलं. मी उठायला लागलो, तर मित्राने हाताने खाली बसवलं. लॅपटॉप पूर्ण सुरू होऊ दिला, एक आज्ञा टाकली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लेन: चार.